सासूबाईंचे टेनिस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या बाजूला शेगडीपाशी असते. बटाटेवडे आणि कॉफी हे माझे खाते. यंदा अध्यक्षाबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि मला ध्वनिक्षेपकापुढे उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण म्हणून काही करण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून सगळे वहीत लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्या, आणि आज वडे कच्चे लागले तर तो दोष माझा नाही.

माझा विषय आहे व्हिडिओ गेम. हसू येणे साहजिक आहे. गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या सभेत मी सुचवले की, आमच्या घरचे खेळाचे यंत्र मंडळाच्या खोलीत ठेवावे आणि आपल्यातल्या वयस्क बायकांनी त्यावर खेळावे. तेव्हा एक बाई म्हणाल्या, "पोरांना त्यातून सोडवताना नाकी नऊ आले आहेत, आता सासवांनाही त्याची चटक लावता काय?" मला ते बोलणे लागले, पण रागावता आले नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच बोलले होते, आणि तेही याहून वाईट शब्दांत. मग माझे मत का फिरले, ते आज सांगते. पटले तर घ्या.

२०१९ च्या दिवाळीत माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा अमेरिकेहून आला. येताना त्याने आमच्या चिरंजीवांसाठी एक पांढरी पेटी आणली, जाडजूड पुस्तकाएवढी. तिचे नाव 'वी'. इंग्रजीत 'आपण' या अर्थाचा जो शब्द आहे, त्याच्यासारखाच त्याचा उच्चार. तिकडे ती जुनी झाली, तिला कोणी विचारीना, म्हणून इकडे आली. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी घाईने तिची पिन भिंतीत खोचली. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. फट्‌ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि अडॅप्टर गेला. पेटी मात्र वाचली. "बरे झाले, जळले ते डबडे," असे मी म्हणाले, ते मला नीट आठवते. पुतण्याने दुसरा अडॅप्टर मागवून ते सुरू करून दिले आणि तो निघून गेला.

हे यंत्र जपानच्या निंटेंडो कंपनीचे. ही कंपनी मूळची पत्ते करणारी, बरे का. १८८९ साली क्योटो शहरात, फुलांची चित्रे असलेले 'हानाफुदा' नावाचे जपानी पत्ते करून विकण्यापासून तिची सुरुवात झाली. पत्त्यांकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे. व्हिडिओ गेम म्हणजे दोन्ही हातांत एक खेळणे धरायचे आणि अंगठ्यांनी बटणे दाबायची, अशी बहुतेक ठिकाणी रीत होती. अंगठ्यांपलीकडे माणसाला शरीर आहे, याचा त्या खेळांना जणू पत्ताच नव्हता. १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत हे वी विक्रीला आले आणि त्याने ती रीत मोडली. टेनिस खेळायचे तर रिमोट हातात धरून रॅकेटसारखा फिरवायचा. समोर टीव्हीतला बाहुला तसाच हात फिरवतो. अशा दहा कोटींहून अधिक पेट्या जगात खपल्या. ज्यांनी जन्मात असल्या खेळाला हात लावला नव्हता, त्यांनीही त्या घेतल्या. शिकागोजवळच्या एका वृद्धनिवासात तर २००७ साली आजी-आजोबा त्यावर बोलिंगच्या स्पर्धा खेळत होते.

उत्साहाच्या भरात लोक इतक्या जोरात हात फिरवू लागले की रिमोट सुटून टीव्हीवर आदळू लागले. मनगटात अडकवायची दोरी ०.६ मिलिमीटर जाडीची होती, ती तुटे. डिसेंबर २००६ मध्येच कंपनीने १ मिलिमीटरची दोरी फुकट बदलून देण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी रिमोटला मऊ रबरी अंगरखाही दिला. आमच्याकडे टीव्ही वाचला, पण मामंजींच्या फोटोची काच गेली. त्या दिवशी पेटी माळ्यावर गेली ती जवळजवळ वर्षभर.

२०२१ च्या मार्चमध्ये सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड थोडे वाकडे झाले, बोलणे जड झाले, पण समज पूर्ण होती, आणि तेच जास्त वाईट. ज्या बाईने चाळीस वर्षे या घरातले पापड-कुरडया केल्या, तिला घास भरवायचा म्हणजे दोघींनाही शिक्षा. दवाखान्यातून घरी आल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या ताई येऊ लागल्या. हात खांद्यापासून उचलायचा, कोपर सरळ करायचे, मनगट फिरवायचे. असे वीस-वीस वेळा, दिवसातून तीनदा. आणि एप्रिलमध्ये करोना वाढला. ताईंचे येणे बंद झाले. त्या फोनवरून सांगत आणि मी करून घ्यायचे, असे ठरले.

ते मला जमले नाही. हे इतक्या जणींपुढे कबूल करायला लाज वाटते, पण आज खरे सांगायचेच ठरवून आले आहे. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी म्हणे, "हात वर करा." त्या म्हणत, "कशाला? कोणाला आशीर्वाद द्यायचेत?" स्वयंपाक, धुणे, घरात सगळी माणसे कोंडलेली, एके दिवशी माझा तोल गेला. "तुम्हाला बरे व्हायचेच नाही, मला राबवायचे आहे," असे मी ओरडून बोलले. त्यांनी एक शब्द उलट काढला नाही. हे दारात उभे राहून ऐकत होते. तेही काही बोलले नाहीत.

आमचा मुलगा तेव्हा नववीत होता. शाळा फोनवर चालू. दिवसभर तो त्या फोनमध्ये डोके घालून बसे आणि माझी त्याच्याशीही रोज खडाजंगी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो न विचारता माळ्यावर चढला आणि पेटी काढून आजीच्या खोलीत मांडू लागला. मी म्हणाले, "आजीला आराम करू दे, आपले खेळ बाहेर." तो म्हणाला, "माझ्यासाठी नाही काढली."

तारा पाहिल्या तर एक तार उंदराने कुरतडलेली. टीव्हीजवळ ठेवायची एक बारीक लांब पट्टी असते, तिची. आता संपले, असे मला वाटले. पण पोराने देवघरातून दोन पणत्या आणल्या, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर ठेवल्या आणि पेटवल्या. आणि यंत्र चालू लागले! मला ती जादूच वाटली. मग त्याने समजावले की त्या पट्टीत यंत्र असे काही नसतेच. डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या जातीच्या प्रकाशाचे दोन टोकांना दोन झुबके असतात, बस्स. खरा डोळा आहे तो रिमोटच्या पुढच्या टोकाला. अंधारात नावाड्याने काठावरचे दोन कंदील पाहून आपली होडी कुठे आहे ते ओळखावे, तसा रिमोट ते दोन झुबके पाहून आपण कुठे रोखलेलो आहोत ते ओळखतो. ज्योतीतूनही तोच प्रकाश निघतो, म्हणून पणत्या चालल्या. पडदा जवळ असेल तर हा प्रयोग करू नका. पुढे आम्ही नवी पट्टी मागवली.

आणि हात फिरवलेला रिमोटला कसा कळतो? तेही सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. आपण एस.टी.त दांडीला धरून उभ्या असतो. ब्रेक लागला की पुढे जातो, गाडी सुटली की मागे. डोळे मिटलेले असले तरी गाडीने कोणत्या बाजूला वळण घेतले ते अंगाला कळते. रिमोटच्या पोटात अशीच एक उतारू आहे. तांदळाच्या कणीहूनही लहान असा सिलिकॉनचा तुकडा, तितक्याच नाजूक स्प्रिंगांवर तोललेला. हात हलला की तो मागेपुढे सरकतो, सरकला की त्याच्या बाजूच्या पट्ट्यांमधला विजेचा भार बदलतो, आणि झटका किती जोराचा व कोणत्या दिशेचा ते त्यावरून ठरते. तुमच्या मोबाईलमध्येही असाच तुकडा आहे. फोन आडवा केल्यावर चित्र आडवे होते, ते त्याच्यामुळे.

तर सासूबाईंच्या हातात रिमोट दिला. बोटे मिटत नव्हती. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी काढून मी तो तळव्याशी बांधला, वरून मनगटाची दोरी घातली. बोलिंगमध्ये बटण दाबून सोडावे लागते, ते त्यांना शक्य नव्हते. टेनिसमध्ये बटण लागतच नाही. धावायचे कामही बाहुलाच करतो, आपण फक्त हात फिरवायचा. पहिले तीन दिवस एकही चेंडू लागला नाही. चौथ्या दिवशी एक लागला. नातू आरडाओरडा करीत उडी मारून उठला, आणि मी स्वयंपाकघरातून धावत गेले, काय पडले म्हणून. सासूबाई अर्ध्या तोंडाने हसत होत्या. झटका आल्यापासून त्या हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मग त्या रोज तीन वाजण्याची वाट पाहू लागल्या. गुण वाढू लागले. मी ताईंना फोनवर अभिमानाने सांगितले. ताई म्हणाल्या, "कोपर कुठे असते ते बघा." पाहते तर काय, कोपर मांडीवर टेकवलेले आणि नुसत्या मनगटाच्या झटक्यावर आमच्या सासूबाई सामना जिंकताहेत! मुलगा म्हणाला, "आई, त्याला झटका कळतो, खांदा नाही कळत." ते खरेच होते. एस.टी.तल्या बाईला धक्का कळतो, पण तो का बसला हे तिला कळत नाही. २००९ साली कंपनीने हाताचे वळणे-फिरणे ओळखणारा आणखी एक जोड रिमोटला काढला. पण तोही खांदा पाहू शकत नाही. तेव्हा ठरले की, खेळताना मी शेजारी बसायचे आणि कोपराखाली हात धरायचा. कोपर खाली आले तर तो गुण नातवाचा.

अशी मी रोज अर्धा तास सासूबाईंच्या शेजारी बसू लागले. लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. काम हातात नसताना आम्ही दोघी शेजारी बसलो, असे त्याआधी कधी झाले होते ते मला आठवेना. एके दिवशी त्या म्हणाल्या, "तू खेळ." मी खेळले आणि हरले. दुसऱ्या दिवशी माझाच खांदा धरला. हसू नका, याचीही वैद्यकात नोंद आहे. २००७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका डॉक्टरची हकिकत छापून आली. सकाळी उठला तो खांदा दुखत, आणि कारण काय, तर आदल्या दिवशी तासन्‌तास खेळलेले वीचे टेनिस!

ऑगस्टमध्ये ताई पुन्हा घरी येऊ लागल्या. मला वाटले, त्या यंत्राला हार घालतील. त्यांनी मला वेगळीच गोष्ट सांगितली. पक्षाघातानंतर हात सुधारण्यासाठी वी उपयोगी पडते का, याची कॅनडातल्या डॉक्टरांनी नीट परीक्षा घेतली. कॅनडा, आर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या देशांतले १४१ रोगी. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच. शिवाय निम्म्यांना दोन आठवड्यांत एकेक तासाचे दहा पाठ वीचे, आणि उरलेल्यांना तेवढाच वेळ साधे खेळ: पत्ते, चेंडू, लाकडी ठोकळे. २०१६ साली निकाल छापला. दोन्हीकडची माणसे सुधारली, आणि वी खेळणारी काही जास्त सुधारली नाहीत. पत्ते खेळणाऱ्यांइतकीच.

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. पत्त्यांचा जोड तर आमच्या घरात पहिल्यापासून होता! मग मी महिनाभर काय करीत होते? पुढे विचार केला तेव्हा दिसले की, पत्ते कपाटात होते, पण खेळायला बसणारे कोणी नव्हते. मी बसत नव्हते. मुलगा तर पत्त्यांना बसलाच नसता. तो यंत्रासाठी बसला, आजी नातवासाठी बसली, आणि दोघांवर लक्ष ठेवायला मला बसावे लागले. यंत्राने एवढेच केले, आणि एवढे केले. हल्ली आमच्याकडे पत्तेही निघतात. सासूबाई उजव्या हातात पाच पाने धरतात, झब्बू देताना लबाडी करतात.

आपल्यातल्या एकींनी सुचवले की, आणायचेच तर हातात काही धरावे न लागणारे नवे यंत्र आणावे. ते यंत्र मी पुण्याला माझ्या भावाकडे पाहिले आहे. त्याचे नाव 'किनेक्ट'. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये ते काढले आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपले. ते टीव्हीखाली ठेवायचे आणि समोर मोकळ्या हाताने उभे राहायचे. त्याची युक्ती आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे. ते खोलीभर न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके टाकते. सारवलेल्या सपाट जमिनीवर ठिपके जागच्या जागी पडतात. मध्ये पाटा असला तर ते सरकलेले दिसतात. कोणता ठिपका किती सरकला त्यावरून समोरचा माणूस किती लांब आहे, हात कुठे, पाय कुठे, हे यंत्र ओळखते. मी गोल साडीत उभी राहिले तर त्याला माझे पायच सापडेनात. पडद्यावरचा बाहुला गुडघे दुमडून थरथरत राहिला. आमच्या आत्या नऊवारीत उभ्या राहिल्या, तर त्यांना लगेच ओळखले! काष्ट्याचा असाही उपयोग असतो.

पण त्याला समोर सहा फूट मोकळी जागा लागते, दोघी खेळणार असल्या तर आठ. आपली खोली सतरंज्यांच्या गठ्ठ्यासह तुम्हाला माहीत आहेच. दुसरे म्हणजे त्यात कॅमेरा आणि कान दोन्ही आहेत. २०१३ साली त्याची नवी आवृत्ती कायम जोडून ठेवावीच लागेल असे कंपनीने आधी म्हटले, तेव्हा घरात असा उघडा डोळा नको म्हणून तिकडच्या लोकांनी एवढी ओरड केली की ती सक्ती काढावी लागली. २०१४ पासून त्याच्याशिवाय यंत्र मिळू लागले आणि २०१७ मध्ये ते बनवणेच बंद झाले. म्हणजे तेही आता नवे राहिले नाही. ती ठिपक्यांची युक्ती मात्र मेली नाही. जिने ती शोधली ती इस्रायलची कंपनी २०१३ साली ॲपलने घेतली, आणि चेहरा पाहून उघडणारे आयफोन आपल्या चेहऱ्यावर तसेच ठिपके टाकतात. नवीच वस्तू हवी असेल तर निंटेंडोचीच स्विच नावाची यंत्रे आहेत, दुसरी आवृत्ती २०२५ मध्ये आली. त्यांचे रिमोटही हात ओळखतात. पण किंमत ऐकून आपल्या खजिनदारबाईंना चक्कर येईल. आमची जुनी पेटी फुकट आहे, आणि ती लहानशा दिव्याएवढी, सुमारे १८ वॅट वीज खाते, टीव्हीची वेगळी.

सासूबाई आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काठीने चालत आल्या. हात खांद्यापर्यंत उचलतो, त्यावर नाही. वेणी अजून मीच घालते. पण देवाला फूल स्वतः वाहतात. हे तुम्हाला सांगायची त्यांची परवानगी मी घेतली आहे. फक्त मनगटाच्या लबाडीचे सांगू नकोस, असे त्या म्हणाल्या होत्या.

कार्यकारिणीने तीन महिने पाहू या असे ठरवले आहे. तेव्हा येत्या गुरुवारपासून दुपारी तीन ते साडेचार पेटी मंडळाच्या खोलीत मांडलेली असेल. आमचा मुलगा आता कॉलेजात असतो, म्हणून गुरुवारी मी स्वतः येईन. झटका येऊन गेलेल्या, चक्कर येणाऱ्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारून यावे आणि खुर्चीवर बसूनच खेळावे. शेजारी घरातले कोणीतरी हवे. एका रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात, ते ज्याने त्याने आणावेत. पत्त्यांचे दोन जोडही तिथेच ठेवले आहेत. आणि दोरी मनगटात घातल्याशिवाय रिमोट कोणालाही मिळणार नाही, अध्यक्षाबाईंनासुद्धा नाही. समोरच्या भिंतीवर आपल्या संस्थापक बाईंचा फोटो आहे.